ओवाळणीची कडी

लंकाबाईला किळस म्हणून कशाची यायची नाही. शेणात हात, कोंबडीखतात पाय, अडलेल्या म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून रेडकू ओढलेली बाई ती. झेंडूवर अळी दिसली की चिमटीत धरून चिरडायची आणि तोच हात लुगड्याला पुसून भाकरी मोडायची. मातोरीच्या मळ्यातली फुलं पंचवटीत नेऊन विकण्यात तिचा जन्म गेला. टोपलीच्या एका बाजूला सडका भाजीपाला, दुसऱ्या बाजूला गटार, मधोमध ही. कधी नाकाला पदर लावला नाही.

पण ‘सायंछाया’ वृद्धनिवासात पाऊल ठेवलं आणि तिला सकाळ-संध्याकाळ मळमळायला लागलं. डॉक्टर म्हणाले, पित्त आहे. लंकाबाई म्हणाली, “पित्त नाय डॉक्टर, शिसारी हाय. तिच्यावर गोळी हाय का?”

झालं असं होतं की तिचा नवरा सावळीराम न्हाणीत घसरला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. मुलगा अमोल अंबडच्या कंपनीत, सून प्रतिभाही नोकरीला, सिडकोतला फ्लॅट चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नुसती बघायला. “थोडे दिवस जा,” असं म्हणून अमोलनं दोघांना इथं आणून सोडलं. जेवण कसं, डॉक्टर कधी येतो, टीव्ही किती इंची, सगळं त्यानं विचारून घेतलं. आईबाप झोपणार कुठं, हे विचारायचं राहून गेलं. कोणालाच सुचलं नाही.

दारातच मनाली नावाच्या सेविकेनं एक पिशवी डावीकडे नेली, एक उजवीकडे.

“आजी लेडीज विंग, आजोबा जेंट्स विंग.”

“अगं पोरी, आमी नवरा-बायको हाये.”

“असाल ना आजी. पण इथं आल्यावर सगळे आजी-आजोबाच असतात.”

दोन्ही विंगच्या मध्ये सरकतं लोखंडी गेट होतं. दिवसा ते उघडं असायचं, पण फक्त हॉलपर्यंत यायला, आणि हॉलमध्ये मॅनेजर योगिनी मॅडम खुर्ची टाकून बसलेल्या. संध्याकाळची खिचडी झाली की गेटला कुलूप. खोल्यांच्या दारांच्या आतल्या कड्या काढून टाकलेल्या, नुसती स्क्रूची भोकं शिल्लक. “कोणी आत पडलं तर दार तोडावं लागतं,” असं मॅडमचं म्हणणं. ते एक वेळ पटण्यासारखं होतं. पण कडी नाही म्हणून दार लोटायचंही नाही, हे कुठलं शास्त्र? पुंजाआप्पा नावाचे एक आडदांड म्हातारे होते, त्यांचं डायपर सताड उघड्या दारात बदलायचे. समोरून दूधवाला जातोय, गॅसवाला जातोय, वाढदिवसाला केळी वाटायला आलेलं एखादं कुटुंब लेकराबाळांसकट जातंय, आणि पुंजाआप्पा बिचारे छताकडे बघत रामरक्षा म्हणतायत. बायकांच्या आंघोळीही तशाच. याची कोणाला शी वाटत नव्हती.

आणि मिठ्या! सायंछायात मिठीला तोटा नव्हता. ओळख ना पाळख, कोणीही यायचं, “आज्जीऽऽ” करून गळ्यात पडायचं, गालाला गाल लावून फोटो काढायचं आणि हात धुवायला बेसिनकडे पळायचं. केकचं क्रीम म्हाताऱ्यांच्या तोंडाला फासायचं. पण एकदा हॉलमध्ये टीव्ही बघता बघता सावळीरामनं लंकाबाईच्या मांडीवर नुसता हात ठेवला, तर योगिनी मॅडमनी असा चेहरा केला की जणू पायाखाली गोगलगाय आली.

“आजोबा! हात! शी!”

मॅडमच्या तोंडात ‘शी’ असं बसलं होतं की श्वास घेतानाही ऐकू यावं. पर्समध्ये सॅनिटायझर, टेबलावर सॅनिटायझर. म्हाताऱ्यांनी नमस्कार केला तरी एक थेंब.

सावळीराम मुळातच बोलण्यात कंजूष. दहा वाक्यं लंकाबाईनं बोलायची, एक त्यानं, आणि तेही अर्धं. पण लग्न झाल्यापासून तिचे गारढोण तळवे त्याच्या पोटऱ्यांना टेकल्याशिवाय त्याला झोप लागायची नाही. नुसते तळवेच टेकायचे असंही नाही. म्हातारपण आलं म्हणून दोघांनी अंग काही गहाण टाकलं नव्हतं. खुबा मोडायच्या आदल्या आठवड्यापर्यंत सगळं ठाकठीक होतं. लंकाबाई शेजारणीला सरळ सांगायची, “रोज काय दिवाळी नसती गं. पण दिवा लावायचाच नाय, आसं कोण म्हन्लं?”

इथं येऊन दिवा तर सोडाच, काडेपेटीसुद्धा जप्त. सावळीराम वाळत चालला. झोपेच्या गोळीनंही झोपेना. लंकाबाईनं मॅडमला तीनतीनदा सांगून पाहिलं, “त्यांना माझ्याशेजारी निजवा, गोळी बंद करून दाखवते.” मॅडमनी सॅनिटायझर चोळलं.

शेवटी एका दुपारी, मॅडम डुलकी काढत असताना, लंकाबाईनं नवऱ्याला वॉकरसकट स्टोअररूममध्ये नेलं. तिथं दानाच्या ब्लँकेटांच्या थप्प्या छताला लागलेल्या होत्या. नाशिकच्या थंडीत लोकांना दया सुटते ती ब्लँकेटाच्याच आकाराची असते. खाली दोन अंथरून लंकाबाईनं आधी त्याच्या कमरेला तेल लावलं. मग त्यानं तिच्या अंबाड्यातला आकडा काढला. पुढं काय झालं ते सांगायचं कारण नाही, कारण पुढं काही होऊच शकलं नाही. सावळीरामनं आधाराला म्हणून थप्पीला हात लावला आणि सगळी भूतदया दोघांच्या अंगावर कोसळली.

नेमकी तेव्हाच मनाली चादर घ्यायला आली. बघते तर ढिगारा हलतोय. आतून घुसमटलेला आवाज येतोय. तिनं किंकाळी फोडली, “सापऽऽ! मोठाय!”

सगळं सायंछाया गोळा झालं. मॅडम टेबलावर चढल्या. लगेच फोन गेला आणि ज्ञानेश नावाचा सर्पमित्र मोटारसायकलवरून आला. हातात आकडा लावलेली काठी, पिशवी. सगळ्यांना मागं सरकवून त्यानं आकड्यानं हळूच एक ब्लँकेट उचललं, दुसरं उचललं. तिसऱ्याखालून सावळीरामचे दोन पाय निघाले आणि त्यांच्यावर टेकलेले लंकाबाईचे दोन तळवे.

ज्ञानेशनं ब्लँकेट जसं होतं तसं परत घातलं. पिशवीची घडी केली.

“मॅडम, हे आपल्या विषयातलं नाही,” म्हणाला आणि गेला. साऱ्या गर्दीत तेवढाच एक सभ्य माणूस.

“शी! शी! शी!” योगिनी मॅडम टेबलावरूनच ओरडल्या. “या वयात? लोक दान म्हणून देतात हो ती ब्लँकेटं!”

लंकाबाई केस बांधत उठली. “मंग आमी काय पेटवून दिली का?”

त्याच संध्याकाळी अमोलचा फोन आला. आवाज असा दबका, जणू पोलीस चौकीतून बोलतोय.

“आई, काय ऐकतोय मी?”

“तू सांग, काय ऐकतोस.”

“तुम्ही दोघं… स्टोअररूममध्ये… शी. मला बोलायलासुद्धा लाज वाटते.”

“आरं लाजाळूच्या झाडा, मंग तुला काय मी फुलबाजारातनं आनला? झेंडूवर फुकट आलता का तू?”

“आई, प्लीज! स्पीकरवर आहे, प्रतिभा ऐकतेय.”

“आयकू दे. तिला बी उपेग होईल.”

फोन कट झाला. पण मॅडमचं प्रकरण तसं कट होणारं नव्हतं. त्यांनी दोघांना समोर उभं करून सांगितलं, “पुन्हा असं काही झालं, तर आजोबांना आमच्या सटाण्याच्या शाखेत हलवू. तिथं फक्त जेंट्स असतात.”

सावळीरामनं वॉकर तिच्याकडे एक पाऊल सरकवला. लंकाबाईच्या घशाशी आंबट आलं. मळ्यातलं साधं ढोरसुद्धा विकताना जोडी मोडू नये म्हणून माणूस चार दिवस थांबतो. तिनं पहिल्यांदाच तोंड मिटून घेतलं.

तिकडे मॅडमना मात्र चैन पडेना. एकदा मन विटाळलं की माणसाला सगळीकडेच विटाळ दिसतो. पत्ते खेळताना कोणाचं बोट कोणाला लागतं, कोण कोणाला सुपारी देतं, मॅडम टिपत बसल्या. आणि श्रावण लागला तशी त्यांना एक शक्कल सुचली.

“या वर्षी आपण रक्षाबंधन मोठं करायचं,” त्यांनी हॉलमध्ये जाहीर केलं. “सगळ्या आजी सगळ्या आजोबांना राखी बांधणार. एकदा बहीण-भाऊ झालं की कोणाच्या मनात नको ते येणार नाही. वातावरण कसं पवित्र राहील.”

लंकाबाईनं विचारलं, “मॅडम, माझा तर नवरा हाय त्यात.”

“असू दे हो. तुम्हाला दुसरे आजोबा देऊ ना!”

सगळ्या म्हाताऱ्या पदरात तोंड घालून हसल्या. मॅडमना कळलंच नाही आपण काय बोललो ते. त्यांनी तेवढ्यात खुर्च्यांचा विचार सुरूही केला होता. लंकाबाईसमोर पुंजाआप्पा. सावळीराम पार टोकाला, पाण्याच्या पिंपाशेजारी.

राखीपौर्णिमेला एका महिला मंचाच्या अध्यक्षा हर्षालीताई प्रमुख पाहुण्या म्हणून आल्या. भरजरी साडी, नाकात नथ, आणि हातात काठीला लावलेला फोन. त्यांचं सगळं समाजकार्य त्या काठीच्या टोकाला. आल्या आल्या त्यांनी लाइव्ह सुरू केलं. “नमस्कार मैत्रिणींनो! आज आपण आहोत सायंछायामध्ये, जिथं नाती मेलेली असतात आणि आपण ती जिवंत करतो!” खुर्चीतल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

समोरासमोर दोन रांगा. बायकांच्या हातात ताट, त्यात निरांजन, कुंकू, पेढा आणि स्पंजची भली मोठी राखी. मॅडम मायक्रोफोनची वायर सोडवण्यात गुंतल्या होत्या. सगळं अगदी पवित्र चाललेलं असताना पुंजाआप्पांच्या पोटात गडबड झाली. कार्यक्रमासाठी म्हणून त्यांना डायपर घातलं नव्हतं, धोतर फुगलेलं दिसतं म्हणून. “मनाली,” ते म्हणाले, “रामरक्षेची वेळ झाली.” मनालीनं त्यांना धरून पळवत नेलं. जाता जाता व्हायचं ते थोडं झालंच. वास हॉलभर पसरला, आणि हर्षालीताईंनी लाइव्हमध्ये न थांबता अगरबत्तीचं महत्त्व सांगितलं.

पण लंकाबाईसमोरची खुर्ची रिकामी पडली. कॅमेऱ्यात ती पडलेल्या दातासारखी दिसायला लागली. हर्षालीताईंनी इकडे तिकडे पाहिलं.

“अगंबाई! हे आजोबा कोपऱ्यात एकटेच! या आजोबा, या, लाजू नका!” आणि त्यांनी सावळीरामला वॉकरसकट ओढत आणून लंकाबाईच्या पुढ्यात बसवलं.

योगिनी मॅडमनी मान वर केली आणि त्यांच्या हातून मायक्रोफोन पडला. त्या लांबूनच दोन्ही हात हलवायला लागल्या. हर्षालीताईंना वाटलं, लाइव्हला हात करतायत. त्यांनी फोन तिकडे वळवला. मॅडमना हसावं लागलं.

“चला आजी, बांधा भावाला राखी!”

लंकाबाईच्या हातातलं ताट जड झालं. समोर तो माणूस, ज्याच्या पोटऱ्यांना तळवे टेकून ती उभा जन्म झोपली. आणि हातात हे स्पंजाचं फूल. पोटातून ढवळून आलं तिला. म्हशीच्या वारेनं नाही आलं, पुंजाआप्पाच्या वासानं नाही आलं, या फुलानं आलं. ताट भिरकावून द्यावं आणि या बायांच्या सात पिढ्या काढाव्यात, असं अगदी जिभेवर होतं. पण मागं सटाणा उभा होता. तमाशा केला की उद्या गाडी, परवा तो तिकडे, गोळ्या खाऊन छताकडे बघत.

सावळीरामनं तिच्याकडे पाहिलं. ओठ न हलवता म्हणाला, “बांध. गजऱ्याची.”

गजऱ्याची म्हणजे दोऱ्याचं शेवटचं टोक अडकवतात ती, ओढलं की सुटणारी गाठ. गिऱ्हाइकाला पसंत नाही पडलं तर फुलं मोकळी करता यावीत म्हणून लंकाबाई अशी गाठ घालायची. देवाच्या हाराला ती कधी घालायची नाही. कारण ती गाठच नव्हे.

तिनं डोळे मिटले, फिरवला दोरा, अडकवलं टोक. टाळ्या झाल्या. हर्षालीताईंनी फोन सावळीरामच्या नाकाशी नेला.

“आजोबा, बहिणीनं राखी बांधली. आता ओवाळणी काय देणार?”

सावळीरामनं घसा साफ केला. इतकी माणसं आपण काय बोलतो म्हणून थांबली आहेत, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

“एक खोली,” तो म्हणाला. “तिला अन् मला. दाराला आतनं कडी.”

हर्षालीताईंचे डोळे भरून आले. “बघा मैत्रिणींनो! साडी नाही दिली, सोनं नाही दिलं! बहीण सुरक्षित राहावी म्हणून कडी! रक्षाबंधनाचा खरा अर्थ हाच! मॅडम, देणार ना या बहीण-भावाला खोली? आमचा मंच देईल कडी!”

फोन मॅडमच्या तोंडासमोर. त्यावर हजारभर लाल बदामं तरंगत वर चाललेली.

“हो… म्हणजे… ट्रस्टला विचारून—”

“हो म्हणाल्या! जोरदार टाळ्या! दारावर आपण पाटीही लावू, बंधुप्रेम कक्ष! भावाचं नाव काय आजी? मोठ्यानं सांगा!”

आता झाली पंचाईत. लंकाबाईनं उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव सरळ घेतलं नव्हतं. रेशन दुकानात, दवाखान्यात, कुठंही विचारलं तरी ती शेजारच्याला कोपर मारायची. नाव घ्यायचं तर ते एकाच रीतीनं. आणि खोली आता पदरात पडली होती. पोटातली ढवळाढवळ एकदम थांबली. तिनं पदर डोक्यावर घेतला, खाकरली आणि बाजारात आवाज द्यायची तसा दिला:

“टोपलीत झेंडू, ओंजळीत शेवंती,
सावळीरामांना राखी बांधाया लावली, कोणाची फिरली मती?”

रांगेच्या टोकाची एक म्हातारी किंचाळली, “अगं बया, उखाणा!” आणि बायकांची अख्खी रांग फुटली. कोणाचा पेढा उडाला, कोणाची कवळी.

हर्षालीताई अजून हसऱ्याच होत्या. “पण उखाणा तर… भावाचा कसा… शी! शी! बंद कर गं, बंद कर ते!” पण काठी त्यांच्याच हातात होती आणि बटण काही सापडत नव्हतं. सावळीरामनं शांतपणे दोऱ्याचं टोक ओढलं. राखी सुटून ताटात पडली.

ट्रस्टची तातडीची बैठक झाली. खोली नाही म्हणावं, तर शब्द दिलेला सगळ्या नाशिकनं पाहिलेला. सटाण्याला पाठवावं, तर बायकोकडून नवऱ्याला राखी का बांधून घेतली ते लोक विचारणार. शेवटी सगळ्यांनी नाक मुरडून मंजुरी दिली. पाटी तेवढी रद्द झाली.

खोली मिळाली. सायंछायाचा सुतार आला, ठोकठोक करून गेला. लंकाबाईनं बघितलं तर कडी बाहेरून! बिचाऱ्यानं इथं आजवर दुसरीकडे कुठं कडी लावलीच नव्हती.

“मॅडम, ह्यो गोठा हाय का?”

मॅडम म्हणाल्या, एकदा लावली, आता पुन्हा सुतार मिळणार नाही.

रविवारी दुपारी अमोल आला. मातोरीहून, सिडकोतून, कंपनीतून, सगळीकडून त्याला तो व्हिडिओ आला होता. मान खाली, कान लाल. आईकडे बघेना, बापाकडे बघेना. पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला, बाहेरची कडी उतरवली आणि आत बसवायला लागला. एकेक स्क्रू पिळत राहिला.

“आई,” शेवटी तो दाराकडे तोंड करूनच बोलला, “निदान दिवसा तरी लावू नको. लोक काय म्हणतील?”

“म्हनतील, शी. आजून काय म्हनतील? सर बाजूला.”

तिनं त्याला हातानं बाहेर सारलं. व्हरांड्यात योगिनी मॅडम सॅनिटायझर चोळत उभ्या होत्या. लंकाबाईनं दोघांच्या तोंडावर दार लोटलं आणि कडी घातली. नवी कडी, जरा घट्ट होती. दोनदा ढकलावी लागली.

मागं वळून बघते तर ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो सावळीराम तोंड उघडं टाकून घोरायला लागलेला. गोळी न घेता. आणि त्याची कवळी, लाळेनं चिकट झालेली, नेमकी तिच्या उशीवर.

“शी,” लंकाबाई म्हणाली. कवळी उचलून पदराला पुसली, भांड्यात टाकली, आणि आडवी होऊन आपले गारढोण तळवे त्याच्या पोटऱ्यांना लावले.